प्रवाळांचा उतरलेला रंग

पोवळे ही वस्तू मराठी घराला अपरिचित नाही. नवरत्नांत तिची गणना होते, मंगळाचे रत्न म्हणून ती बोटात धारण केली जाते, आणि वैद्याच्या कपाटात प्रवाळभस्माची कुपी आढळतेच. या पोवळ्याचा तांबडा रंग दीर्घकाळ टिकणारा असतो. आजीच्या माळेतील पोवळी नातीच्या गळ्यातही तांबडीच दिसतात. याचे कारण असे की, भूमध्य समुद्राच्या तळाशी वाढणाऱ्या या जातीचा रंग तिच्या दगडी सांगाड्यातच मुरलेला असतो. प्राणी मेला तरी सांगाडा राहतो, आणि सांगाड्याबरोबर रंगही राहतो.

उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात जी प्रवाळे मोठमोठे खडक आणि बेटे रचतात, त्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांचा सांगाडा बहुधा पांढराशुभ्र असतो. हिरवा, जांभळा, गुलाबी, निळा असा जो वर्णविलास डोळ्यांना दिसतो, तो त्या सांगाड्यावर पसरलेल्या पातळ, जिवंत त्वचेचा असतो. रत्नातील पोवळ्याचा रंग हा त्याचा स्थायी गुण. या प्रवाळांचा रंग ही त्यांची प्रकृती होय. प्रकृती बिघडली की रंग उतरतो, आणि प्रकृती सुधारली तरच तो परत येतो.

युरोप, अमेरिका व जपान या देशांत खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाक्यांत जिवंत प्रवाळे पाळणारे अनेक लोक आहेत. सार्वजनिक मत्स्यालये आणि संशोधनसंस्थाही ती पाळतात. इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया इत्यादी ठिकाणांहून ही प्रवाळे पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, थर्मोकोलच्या पेट्यांत घालून विमानाने धाडली जातात. पेटी उघडली जाते तेव्हा पुष्कळदा असे दिसते की, जे प्रवाळ निघताना मोरपिसासारखे झळकत होते, ते आता फिकट पडले आहे किंवा मातकट तपकिरी झाले आहे. त्याला पूर्वीचा रंग परत कसा यावा, हा प्रश्न वरवर हौशी लोकांचा वाटतो. पण समुद्रातील प्रवाळांवर गेल्या काही दशकांत जे संकट आले आहे, त्याचे मर्म समजण्यास हाच प्रश्न फार उपयोगी पडतो.

प्रथम हा रंग येतो कोठून, ते पाहिले पाहिजे. प्रवाळ म्हणजे एक प्राणी नव्हे. पॉलिप नावाच्या शेकडो-हजारो इवल्या प्राण्यांची ती एक वसाहत असते. प्रत्येक पॉलिपचे शरीर म्हणजे एक मऊ पिशवी, तिला एकच तोंड आणि तोंडाभोवती दंश करणाऱ्या शुंडकांचे कडे. या पिशवीच्या पेशींत एकपेशीय शैवाले राहतात. १८८१ साली कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांना ‘झूझँथेली’ असे नाव दिले. निरोगी प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटरात अशी दहा लाख किंवा त्याहूनही अधिक शैवाले असू शकतात. ती सूर्यप्रकाशात साखर तयार करतात आणि तिचा मोठा भाग यजमानाला देतात; यजमान त्यांना आसरा देतो आणि आपल्या शरीरातील टाकाऊ नत्र व कार्बन डायऑक्साइड पुरवतो. प्रवाळाच्या दैनंदिन शक्तीपैकी बहुतांश शक्ती या भाडेकरूंकडूनच येते. या शैवालांचा रंग सोनेरी तपकिरी असतो, आणि प्रवाळाच्या रंगाचा पहिला थर तोच.

दुसरा थर प्रवाळाचा स्वतःचा. प्रवाळ आपल्या त्वचेत काही विशिष्ट प्रथिने तयार करते. त्यांपैकी काही निळा प्रकाश शोषून हिरवा वा तांबडा प्रकाश बाहेर टाकतात, तर काही नुसताच ठरावीक रंगाचा प्रकाश शोषतात व त्यामुळे जांभळी, गुलाबी किंवा निळी दिसतात. यांच्या कुळातील हिरवे प्रथिन प्रथम एका जेलीफिशमध्ये, १९६२ साली, ओसामू शिमोमुरा यांनी वेगळे काढले. त्या शोधाला व त्यातून निघालेल्या कार्याला २००८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रवाळाच्या ठायी या प्रथिनांचे एक महत्त्वाचे काम म्हणजे ऊन अडवणे. म्हणजे ज्या रंगांवर पाहणारा लुब्ध होतो, ते बऱ्याच अंशी प्रवाळाची छत्री आहेत.

आता प्रवासात काय होते, ते ध्यानी येईल. बंद पेटीत एक ते तीन दिवस पूर्ण अंधार असतो. शैवालांना प्रकाश नाही, म्हणून साखर नाही आणि प्राणवायूही नाही. शैवाल व प्रवाळ दोघेही श्वसन मात्र करीतच राहतात. त्यामुळे पिशवीतील प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड साठतो व पाणी आम्लतेकडे झुकते. मलद्रव्यांतून अमोनिया तयार होतो. विमानतळावरील थंडीत वा उन्हात पाण्याचे तापमान चार-सहा अंशांनी खालीवर होते. हेलकाव्यांनी त्वचा सांगाड्याच्या धारांवर घासते. अशा अवस्थेत प्रवाळ आपल्या शैवालांना शरीराबाहेर टाकू लागते. १९२८-२९ साली मॉरिस याँग या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एक मोहीम गेली होती. उष्णता, उपासमार व अंधार यांनी पीडित झालेली प्रवाळे शैवाले गमावतात, हे त्या मोहिमेतील निरीक्षणांतूनच स्पष्ट झाले होते.

रंग उतरणे हे एकाच प्रकारचे नसते, आणि उपचारापूर्वी निदान करणे येथेही अवश्य असते. प्रवाळ फिकट किंवा जवळजवळ पांढरे झाले असेल, पण बारकाईने पाहता त्यावर पारदर्शक त्वचा दिसत असेल व रात्री शुंडके बाहेर येत असतील, तर शैवाले गेली आहेत परंतु प्राणी जिवंत आहे असे समजावे. प्रवाळ तपकिरी झाले असेल, तर शैवाले पुरेशी किंवा वाजवीपेक्षा जास्त आहेत. मात्र प्रवाळाने स्वतःची रंगीत प्रथिने तयार करणे कमी केले आहे. कमी प्रकाशात हे हमखास घडते. कारण ऊन नसेल तर छत्री कशाला? तिसऱ्या प्रकारात त्वचा सोलल्यासारखी निघून जाते आणि खडबडीत, कोरडा पांढरा सांगाडा उघडा पडतो. तेथे रंग परत येण्याचा प्रश्नच उरत नाही. जेवढा भाग जिवंत आहे तेवढा वाचवायचा असतो आणि मेलेला भाग कापून टाकायचा असतो.

पेटी उघडल्यानंतरचा पहिला तास महत्त्वाचा. बंद पिशवी वीस-तीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली जाते, म्हणजे आतील व बाहेरील तापमान सारखे होते. त्यानंतर पिशवी उघडून टाकीचे पाणी थोडेथोडे आत घातले जाते. येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. पिशवीतील पाणी आम्लतेकडे झुकलेले असते तोवर त्यातील अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आम्लता घटते आणि तोच अमोनिया विषासारखा वागू लागतो. म्हणून सावकाशीच्या नावाखाली त्या घाण पाण्यात प्रवाळाला तासन् तास ठेवणे हे दयेचे कृत्य नव्हे. क्षारतेत फार अंतर नसेल तर अर्धा तास पुरे होतो. पिशवीतील पाणी टाकीत ओतायचे नसते.

टाकीत सोडण्यापूर्वी पाच-दहा मिनिटांचे आयोडीनचे किंवा त्याच कामासाठी तयार मिळणाऱ्या द्रावणाचे स्नान घालण्याची पद्धत आहे. प्रवाळाची त्वचा खाणारे चपटे कृमी आणि काही शंखविरहित गोगलगाई प्रवाळाबरोबरच प्रवास करून येतात. स्नानाने ते गळून पडतात. त्यांची अंडी मात्र या स्नानाने मरत नाहीत. म्हणून जाणते लोक प्रवाळाचा मेलेला बुंधा, जेथे अंडी असण्याचा संभव अधिक, तो कापून टाकतात आणि नवागताला काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतात. कृमींनी कुरतडलेले प्रवाळ कितीही उत्तम पाण्यात ठेवले तरी फिकटच राहते.

यापुढे येतो प्रकाशाचा प्रश्न, आणि सर्वांत अधिक प्रवाळे येथेच दगावतात. मालकाच्या मनात विचार येतो की, प्रकाशाने रंग येतो, तेव्हा दिवे प्रखर करावेत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, त्यातलाच हा प्रकार. फिकट प्रवाळात जी थोडी शैवाले शिल्लक असतात, त्यांचे प्रकाश पचवण्याचे यंत्र अंधाराने व आजाराने आधीच मोडकळीस आलेले असते. शिवाय शैवालांची सावली नाही आणि रंगीत प्रथिनांची छत्रीही नाही. आत शिरलेला प्रकाश पांढऱ्या सांगाड्यावर आपटून पुन्हा त्वचेतूनच उलट फिरतो. पचवता न आलेल्या प्रकाशातून प्राणवायूची अतिशय तीव्र, दाहक रूपे निर्माण होतात. ती शैवालांना व यजमानाच्या पेशींनाही जाळतात. मग उरलीसुरली शैवालेही बाहेर टाकली जातात. औषधाचाच रोग होतो.

कोकणात व गोव्यात भाताची लावणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातील योग्य मार्ग सहज उमगेल. तरव्यातून उपटलेले रोप नव्या चिखलात लावले की दोन-चार दिवस मलूल पडते, पिवळे दिसते. शेतकरी त्याला खत घालण्याची घाई करीत नाही, आधी ते जीव धरू देतो. प्रवाळालाही प्रथम जीव धरू द्यावा लागतो. पहिला दिवस अगदी मंद उजेडात जातो. त्यानंतर प्रवाळ टाकीच्या तळाशी, किंवा जाळीच्या सावलीत ठेवतात व दिव्यांची शक्ती नेहमीच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्यापासून सुरू करतात. दर आठवड्यास सुमारे एक-दशांश याप्रमाणे ती वाढवत नेली, तर दीड-दोन महिन्यांत प्रवाळ पूर्ण प्रकाशाला पोहोचते. एखाद्या आठवड्यात ते पुन्हा फिके पडू लागले, तर एक पायरी मागे जाणे श्रेयस्कर. दिवसाकाठी आठ ते दहा तासांहून अधिक उजेडाची आवश्यकता नसते. प्रवाळाला आज या कोपऱ्यात, उद्या त्या कोपऱ्यात हलवणेही घातक; प्रत्येक स्थलांतर म्हणजे त्याच्या दृष्टीने नवा प्रवास.

पाण्याविषयी एक जुना समज असा की, ते जितके निर्मळ तितके चांगले. प्रवाळांचे समुद्र स्वच्छ निळे असतात, यावरून तो रूढ झाला असावा. अनुभवाने व संशोधनाने हा समज आता मागे पडला आहे. शैवाले शेवटी वनस्पतींप्रमाणेच वाढणारी. त्यांना नत्र व स्फुरद हवेच. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत यॉर्ग वीडेनमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाक्यांतील प्रवाळांवर प्रयोग करून २०१३ साली असे दाखवले की, नत्र भरपूर पण स्फुरद अत्यल्प अशी विषम स्थिती झाली, तर शैवाले दुर्बल होतात आणि उष्णता व प्रकाश यांपुढे प्रवाळ लवकर हार खाते. म्हणून आज अनुभवी लोक पाण्यात दर लिटरला नायट्रेट सुमारे २ ते १० मिलिग्रॅम व फॉस्फेट ०.०३ ते ०.१० मिलिग्रॅम राहील असे पाहतात. यांहून फार अधिक झाले तर शैवाले माजतात व प्रवाळ तपकिरी होते. शून्यावर आले तर ते उपाशी व पांढरट राहते. तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस, क्षारता किलोग्रॅममागे ३५ ग्रॅम, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मोजमापे होत. तथापि आकड्यांपेक्षा त्यांची स्थिरता अधिक मोलाची. रोज बदलणाऱ्या उत्तम पाण्यापेक्षा न बदलणारे साधारण पाणी प्रवाळाला अधिक मानवते.

भाडेकरू घर सोडून गेले की यजमानाची मिळकत बुडते; म्हणून फिकट प्रवाळाला हाताने भरवावे लागते. रात्री दिवे मालवल्यावर शुंडके बाहेर येतात. त्या वेळी नुकत्याच उबवलेल्या आर्टेमिया या मिठागरातील चिमुकल्या जिवांची पिले किंवा तत्सम बारीक अन्न थोड्या प्रमाणात सोडले जाते. आठवड्यातून दोन-तीनदा एवढे पुरेसे असते. अधिक घातले तर न खाल्लेले अन्न कुजून पाणी नासते. पाण्याचा प्रवाहही हवा, कारण प्रवाळाला जागचे हलता येत नाही. प्राणवायू आणून देणे आणि मलद्रव्ये धुऊन नेणे ही दोन्ही कामे प्रवाहच करतो. तो एकाच बाजूने सतत मारणारा नसावा, लाटेसारखा येणारा-जाणारा असावा.

इतके झाल्यावर रंग परत येण्यास आरंभ होतो, पण तो अपेक्षित क्रमाने येत नाही. पांढऱ्या प्रवाळावर प्रथम फिकट तपकिरी छटा उमटते. उरलेली शैवाले विभागून वाढू लागली, याची ती खूण. पुष्कळांना ही छटा अपयशाची वाटते व ते निराश होऊन पुन्हा काही तरी बदलतात. वस्तुतः तपकिरी रंग हे घर पुन्हा नांदते झाल्याचे चिन्ह आहे. हिरवे, गुलाबी, जांभळे रंग त्यानंतर, वाढत्या टोकांपासून, हळूहळू प्रकटतात. कारण प्रथिने बनवणे हे शक्तीचे काम आहे आणि ती शक्ती शैवालांकडून येते. प्रकाशाचा, विशेषतः निळ्या प्रकाशाचा, मोजका वाढता इशारा मिळाला म्हणजे ही प्रथिने तयार होतात. या सर्व प्रक्रियेस काही आठवड्यांपासून पाच-सहा महिन्यांपर्यंत काळ लागतो.

याच्या उलट क्रमही क्वचित दिसतो. सौम्य आघाताने शैवाले गेली असता काही प्रवाळे फिकट न पडता एकाएकी भडक निळी, पिवळी वा गुलाबी होतात. साउदॅम्प्टनच्याच संशोधकांनी २०२० साली याचा उलगडा केला. शैवाले कमी झाल्यामुळे त्वचेत निळा प्रकाश अधिक खेळू लागतो. तो प्रकाश रंगीत प्रथिनांची निर्मिती वाढवतो. प्रथिने छत्री धरतात. आणि छत्रीखाली शैवालांना परत येणे सुकर होते. शैवाले पुरेशी वाढली की प्रकाश कमी होतो व भडकपणा आपोआप ओसरतो. म्हणजे भडक रंग हा प्रत्येक वेळी आरोग्याचाच असतो असे नाही. कधी कधी ती आजाऱ्याची स्वतःची शुश्रूषा असते.

डोळ्यांची फसगत टाळण्यासाठी आणखी एक सावधगिरी घ्यावी लागते. विक्रेत्यांची छायाचित्रे बहुधा गडद निळ्या दिव्यांखाली घेतलेली असतात. त्या प्रकाशात हिरवी-तांबडी प्रथिने निखाऱ्यासारखी पेटलेली दिसतात. साध्या पांढऱ्या प्रकाशात तेच प्रवाळ सौम्य दिसते. जो रंग मुळात दिव्याचा होता, तो प्रवाळाकडून परत मागणे अन्यायाचे आहे. आठवड्यातून एकदा, त्याच दिव्याखाली, त्याच अंतरावरून छायाचित्र घेऊन तुलना केली, तरच सुधारणा खरी की भासमान हे कळते.

काचेच्या टाकीतील हा अनुभव आता समुद्राच्या कामी आला आहे. समुद्राचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीहून अवघे एक अंश वर जाऊन काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळे शैवाले टाकून पांढरी पडतात. २०२३ सालच्या जुलैत अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या समुद्रावर उष्णतेची अभूतपूर्व लाट आली. तेव्हा पाण्याखालील रोपवाटिकांतील हजारो प्रवाळे घाईघाईने उचलून किनाऱ्यावरील टाक्यांत हलवण्यात आली. लाँग की येथील कीज मरीन लॅबोरेटरी हे त्यांपैकी एक प्रमुख आश्रयस्थान होते. तेथे उपाय केले गेले ते हेच: थंड व स्थिर पाणी, सावली, प्रवाह, अन्न आणि धीर. समुद्रात राहिलेल्यांची दशा फार वाईट झाली. सांबराच्या शिंगांप्रमाणे फांद्या फुटणाऱ्या दोन प्रमुख जाती फ्लॉरिडाच्या प्रवाळभिंतीवर आता कार्यदृष्ट्या नामशेष झाल्या आहेत, असा निष्कर्ष २०२५ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. त्या वंशांचे जे थोडे अवशेष टाक्यांत राखलेले आहेत, त्यांच्यावरच पुढील लागवडीची बरीच आशा आहे. हौसेखातर शिकलेली विद्या अशा रीतीने एका वंशाच्या रक्षणाला उपयोगी पडली.

आपल्या देशात या विषयाला कायद्याची मर्यादा आहे, आणि ती ध्यानी ठेवली पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी प्रवाळे, काळे प्रवाळ, समुद्रपंखे इत्यादींचा समावेश आहे. व्याघ्रासारख्या पशूंना जे संरक्षण, तेच यांनाही आहे. भारतीय समुद्रातील प्रवाळ तोडणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा होय. मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, गोव्याच्या ग्रांडे बेटाभोवती आणि कच्छच्या आखातात नरारा व पिरोटन येथे आजही जिवंत प्रवाळे आहेत. नरारा येथे ओहोटीच्या वेळी पायी चालत जाऊन ती पाहता येतात. पाहणाऱ्याने एवढेच करावे की त्यांवर पाय देऊ नये, तुकडा उचलून घरी आणू नये, आणि नांगर टाकणाऱ्या नावाड्याला जागा बदलण्यास सांगावे. किनाऱ्यावर एखादे फिकट पडलेले प्रवाळ दिसले तर ते मेले असे समजून तुडवू नये. त्याच्या पारदर्शक त्वचेत प्राण असण्याचा पुष्कळ संभव असतो.

सारांश, प्रवाळाचा रंग बाहेरून चढवता येत नाही. स्थिर पाणी, बेताचे अन्न, खेळता प्रवाह आणि पायरीपायरीने वाढणारा प्रकाश एवढे माणसाच्या हाती असते. उरलेले काम कोट्यवधी अदृश्य शैवाले व त्यांचा यजमान आपल्या गतीने करीत असतात, आणि त्या कामात हात घालण्याचा मोह आवरणे हाच त्यांच्या शुश्रूषेतील सर्वांत कठीण भाग असतो.